संध्याकाळचा उपसा

"अहो, थांबा! पाणी कशाला उपसताय?"

पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला तो तरुण हातातल्या तांब्यासकट तसाच थबकला. "शिळं पाणी काढतोय, मॅडम. त्याशिवाय ताजं कसं पाझरेल? झिरा रोज सकाळी उपसावाच लागतो. अर्धं गाव ठाण्याला कामाला गेलंय, म्हाताऱ्यांच्यानं वाकवत नाही... म्हणून मी."

ऋजुतानं कपाळावर हात मारला. आटलेल्या ओहोळात, लोकांनी खणलेल्या त्या झिऱ्याशेजारीच तिनं भूजलाच्या अभ्यासासाठी पाण्याची पातळी मोजणारं यंत्र पुरलं होतं. पातळी रोज सकाळी एकदम उतरायची, आणि ही बया जमिनीच्या पोटात कारण शोधत बसलेली! कारण निघालं साखरशेतच्या शाळेतले कमलेश गुरुजी.

मग भेटी होतच राहिल्या. खालच्या डोहात जिथे जमिनीतलं गार पाणी वर यायचं, तिथेच मासे दाटीवाटीनं राहायचे.

"एवढा डोह मोकळा सोडून?" त्यानं विचारलं.

"बाकीचं पाणी तापतं. जीव गुदमरतो त्यांचा."

"आणि तुमचा? जव्हारच्या भाड्याच्या खोलीत... एकटीचा?"

गुदमरायचा. तिन्हीसांजेला तर फारच. एका वाटीचा भात शिजवायचा आणि मोबाईलवर यंत्राचे आकडे बघत बसायचं, दुसरं होतं काय? बोलता बोलता तिनं हे त्याला सांगूनही टाकलं.

त्यानंतर पातळी संध्याकाळीही उतरू लागली. ऋजुता आकडे पुन्हा पुन्हा तपासू लागली. जमिनीतलं पाणी आटलं, तर डोहातले मासे संपलेच की!

मृगाच्या तोंडावर ती यंत्र काढायला आली. डोहात मासे मजेत फिरत होते; म्हणजे जमिनीतलं पाणी आटलंच नव्हतं. तिनं कमलेशकडे रोखून पाहिलं.

"संध्याकाळी कोण उपसतं?"

त्याचे कान लाल झाले. "तुम्ही त्या वेळी आकडे बघता ना... म्हटलं, तुम्हाला कळावं— इकडे कुणीतरी तुमची आठवण काढतंय."

ऋजुताला हसू आलं आणि डोळेही भरले. मेल्यानं अख्ख्या उन्हाळ्याचे आकडे बिघडवले होते, आणि तिला त्याचा राग म्हणून येत नव्हता.

"आता पुढचा उन्हाळाही इथेच मोजावा लागणार," ती म्हणाली. "पण संध्याकाळी उपसायचं नाही हं, गुरुजी."

"मग तुम्हाला कळणार कसं?"

तिनं त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला.

"संध्याकाळी मी त्या खोलीत असेन... असं कोण म्हणालं?"