बारा पटींचं अंतर

भोरच्या चेताविज्ञान प्रयोगशाळेत ऋजुता केळशीकरने दोन ते तीसचे पाढे नऊ सेकंदांत म्हटले. पंचांना फक्त डासाची गुणगुण ऐकू आली. ध्वनिमुद्रण बारा पटींनी संथ केलं, तेव्हा त्यात एकही चूक सापडली नाही. पण विक्रम-मंडळाचा हट्ट असा की कुठलाही विक्रम एकाच दिवसात तीनदा करून दाखवायचा. म्हणून तिने स्वतःच शोधलेल्या प्रवेगद्रव्याच्या तीन मात्रा त्या दिवशी घेतल्या. तिसऱ्या मात्रेनंतर तिचं शरीर मूळ वेगावर येईना.

"म्हणजे नेमकं झालंय काय?" तिच्या नवऱ्याने, हेरंबने विचारलं. तो शाळेत भूगोल शिकवायचा. रसायनांतलं त्याला ओ की ठो कळत नसे.

तिचे सहकारी डॉ. मुजुमदार काचेपलीकडे बघत होते. आत ऋजुता इतकी झरझर फिरत होती की चेहरा धड दिसत नव्हता.

"तिचा मेंदू, स्नायू, सगळं बारा पट जलद चाललंय. आपला एक तास म्हणजे तिचा अर्धा दिवस. आपलं बोलणं तिला नुसती घरघर वाटते."

"उतारा नाही का काही?"

"आहे ना. पण तो ज्याच्या-त्याच्या रक्ताशी जुळवावा लागतो. हजारो चाचण्या, सगळ्या हातानं करायच्या. दोन महिने तरी लागतील. उतारा एकदा घेतला की मात्र त्या शरीरावर प्रवेगद्रव्य पुन्हा कधीच चालत नाही."

हेरंबने बोटांवर हिशेब केला. "दोन महिने म्हणजे तिची दोन वर्षं! एकटीनं काढायची?"

मुजुमदार पहिल्या चाचणीच्या तयारीला लागले.

पत्रं तेवढी चालायची, कारण लिहिलेलं कुणीही आपापल्या वेगाने वाचू शकतं. पहिल्या दिवशी दाराखालून तिची एकवीस पत्रं आली. हेरंब एकाला उत्तर लिहीपर्यंत आणखी दोन येऊन पडत. 'तुझा आवाज आठवत बसते,' असं एकात होतं. 'भांडतानाचासुद्धा चालेल.' ते वाचून त्याला रडूच कोसळलं.

दुसऱ्या दिवशी पत्रं थांबली. ऋजुता आतल्या खोलीत गेली ती काचेपाशी परत आलीच नाही. असे पाच दिवस गेले. ती खचली, अशी हेरंबची खात्री झाली. त्यालाही घर खायला उठलं होतं.

सातव्या दिवशी सकाळी मुजुमदार चहाला गेले, तेव्हा त्याने कपाटातल्या प्रवेगद्रव्याच्या तीन मात्रा एकापाठोपाठ टोचून घेतल्या. निदान तिच्यासोबत तरी राहू, एवढंच त्याच्या मनात होतं.

बघता बघता छताच्या पंख्याची पाती मोजता येऊ लागली. हेरंब धावत आतल्या खोलीत गेला.

ऋजुता टेबलाशी बसली होती. ती हलत नव्हती. मग त्याला दिसलं, तिची पापणी मिटत होती, पण अगदी सावकाश. समोर चाचण्यांच्या वह्यांची चळत, रिकामी सुई आणि एक पत्र होतं.

'हेरंब, मुजुमदारांचं दोन महिन्यांचं काम माझ्या वेगाने पाच दिवसांत झालं. पत्रं लिहायला एक क्षणही काढला नाही, रागावू नकोस. आत्ताच उतारा टोचलाय. आता तू बोललास की मला ऐकू येईल.'

त्याने पत्र दोनदा वाचलं. ती अजून वेगात असती तर त्याच्या रक्ताशी उतारा तिने पाच दिवसांत जुळवला असता, पण आता तिला पुरते दोन महिने लागणार होते, म्हणजे त्याची दोन वर्षं.

तिची नजर हळूहळू त्याच्याकडे वळली. ओठ विलग झाले आणि खोलीत एक खोल घरघर सुरू झाली. ती त्याचं नाव घेत होती. हेरंबने स्टूल ओढलं, तिच्यासमोर बसला आणि पुढच्या अक्षराची वाट पाहू लागला.