शेवटचा सीन कुणी फोडला?

गच्चीवर पोरांची खलबतं चालली होती. शाळेसाठी मोबाइलवर थ्रिलर काढायचा होता. थोरल्या पुतणीनं आधीच बजावलं होतं की यात मोठ्यांचा सल्ला घेतला जाणार नाही. काका पलीकडे खुर्चीत बसून निमूट ऐकत होते. अंधार पडला होता. कठड्याशी टेकलेल्या पोरांचे फक्त चेहरेच मोबाइलच्या उजेडात दिसत होते.

"करा की," काका अखेर बोलले. "फक्त शेवटचा सीन आधी सगळ्यांना वाचून दाखवा. लपवून ठेवू नका."

"मग सस्पेन्स कसला राहणार?" पुतणी फणकारली.

"माझ्या मित्राच्या मुलीचंही हेच म्हणणं होतं," काका म्हणाले, आणि मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

ही मुलगी तेव्हा नववीत होती. घरात तिला ठिणगी म्हणत, आणि ते नाव काही लाडानं पडलेलं नव्हतं. मोठ्यांनी 'नाही' म्हटलं की तिला कारण लागायचं. कारण मिळालं नाही की ती म्हणायची, म्हणजे तुमच्याकडे नाहीये. त्या वर्षी हेडमास्तरांनी शाळेचं चित्रपट मंडळ मोडीत काढायचं ठरवलं. ठिणगी त्यांच्या टेबलासमोर ठाण मांडून भांडली. शेवटी कटकट मिटावी म्हणून ते म्हणाले, पोरांनी सोमवारी पुरा झालेला चित्रपट दाखवला तर मंडळ राहील, नाहीतर त्या खोलीत मोडके बाक जातील. ठिणगीच्या दृष्टीनं तिचं सगळं जग त्या खोलीत होतं.

बाकीचं शूटिंग आटोपलं होतं. राहिला होता प्रयोगशाळेतला प्रसंग, आणि तो अंधारातच हवा होता. म्हणून डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी, दिवेलागणीला, ठिणगी किल्ली आणायला हेडमास्तरांच्या घरी गेली. त्यांनी किल्ली दिली आणि तिच्याबरोबर अटीही दिल्या. नऊच्या आत बाहेर पडायचं, गॅसच्या नळांना हात लावायचा नाही, वॉचमनला सांगून वर जायचं. आणि उगाच कुणाला घाबरवायचं नाही.

"सर, थ्रिलर आहे," ठिणगी म्हणाली.

शाळेत चौघंच जमले. ठिणगी दिग्दर्शक. चष्मिस कॅमेऱ्यावर. हिरॉईन म्हणजे वर्गातली सगळ्यांत भित्री मुलगी, ठिणगीनं मुद्दाम निवडलेली. आणि चौथा रेडिओ. कानात सदा काहीतरी खुपसलेलं असायचं म्हणून त्याला रेडिओ म्हणत. बालवाडीपासून तो ठिणगीच्या शेजारी बसायचा. चित्रपटाची मूळ कल्पनाही त्याचीच, पण शेवट ठिणगीनं बदलला होता. त्यावरून तो दोन दिवस रुसून बसला होता.

हा नवा शेवट तिनं कुणालाही दाखवला नव्हता. हिरॉईनच्या चेहऱ्यावरची भीती खरी हवी, म्हणून ते पान ऐन शॉटच्या वेळीच तिच्या हातात द्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. पानाची घडी करून ती शाळेच्या स्कर्टच्या खिशात घेऊन फिरत होती. आईनं इस्त्रीला स्कर्ट मागितला तरी तिनं दिला नव्हता.

प्रयोगशाळेच्या खिडक्यांवर त्यांनी चादरी लावल्या. एकच खिडकी, फाटकाकडची, चादर कमी पडली म्हणून उघडी राहिली. टेबल लॅम्पवर पतंगाचा निळा कागद बांधला. पुस्तकांच्या चळतीवर कॅमेरा चढला. पहिले शॉट झकास झाले. हिरॉईन परीक्षानळ्यांच्या घोडीमागे लपायची आणि दर वेळी घोडी पाडायची. हसून हसून चष्मिसचा कॅमेरा हलत होता.

रेडिओचा एक नियम होता. प्रत्येक शॉटनंतर मिनिटभर सगळ्यांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं. बोलायचं नाही, पाय हलवायचा नाही. तेवढ्यात तो नुसत्या खोलीचा आवाज टिपून घ्यायचा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते म्हणे, आणि एडिटिंगला बसलं की दोन शॉटमधला सांधा त्या शांततेनंच बुजवावा लागतो. ठिणगीला हा वेळेचा अपव्यय वाटायचा, पण ऐकायची बिचारी.

"बिचारी?" पुतणी म्हणाली. "त्याचं काम आहे ते."

काका हसले. म्हणाले, हो, कामच आहे.

तर दाराजवळचा शॉट झाला. सगळे गप्प उभे राहिले. रेडिओ हेडफोन दाबून ऐकत होता. मिनिट संपलं तरी त्यानं हात खाली केला नाही. मग त्यानं हेडफोन काढले आणि विचारलं, कोण पुटपुटलं?

कुणीच नाही, ठिणगी म्हणाली. चष्मिसनंही मान हलवली.

त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. कुणीतरी बोलल्याचं त्यानं छातीठोकपणे सांगितलं. अगदी हळू, मुलीचा आवाज, पण शब्द स्पष्ट होते.

"काय शब्द?" ठिणगीनं विचारलं.

"'दार मी उघडते. आधी तू कोण ते सांग.'"

ठिणगीचा हात खिशाकडे गेला. पान तिथंच होतं. घडी जशीच्या तशी. आणि त्या पानावरचं पहिलंच वाक्य होतं ते. दार मी उघडते. आधी तू कोण ते सांग.

तिच्या मनात पहिल्यांदा भीती आली नाही. संशय आला. सकाळी कबड्डीच्या तासाला तिनं स्कर्ट बदलला होता, आणि दप्तर कुणाजवळ ठेवलं होतं? रेडिओजवळ. शेवट बदलल्याचा राग कुणाला होता? रेडिओला. तिनं मनातल्या मनात हिशोब मांडला आणि तो चोख जुळला. तरी खात्री करून घ्यावी म्हणून तिनं हिरॉईनला आडून आडून विचारलं. हिरॉईन गोंधळून नुसतीच बघत राहिली. चष्मिसला विचारलं, तर तो म्हणाला की तो अभ्यासाची पानं वाचत नाही, ही कशाला वाचेल.

पुढच्या शॉटनंतर पुन्हा तेच झालं. रेडिओचा चेहरा उतरला. आता वाक्य पुढचं होतं, पानावरचं दुसरं. त्यानं ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं आणि हेडफोन तिच्यापुढे धरले. तिनं घेतले नाहीत.

"वाचलंस ना माझं पान?" ती म्हणाली.

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यानं आईची शपथ घेतली. ती म्हणाली, शपथा त्याला पोत्यानं मिळतात. मग ती जे बोलत सुटली, ते चष्मिसला आणि हिरॉईनला मान खाली घालून ऐकावं लागलं. की त्याला मंडळ बुडवायचंय. की तो पहिल्यापासून जळतो. की त्याची गोष्ट टुकार होती, तिनंच तिला उभं केलं.

रेडिओनं हातातले हेडफोन टेबलावर ठेवले, रेकॉर्डर ठेवला. अंगात पातळ शर्ट होता, तसाच जिना उतरून गेला. त्याच्या पावलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

"गेला तर गेला," ठिणगी म्हणाली. "सीन घेऊ."

हेडफोन तिनं स्वतः चढवले. पान काढलं आणि हिरॉईनच्या हातात दिलं. हिरॉईन निळ्या उजेडात वाचू लागली. वाचता वाचता थांबली. तिनं पान उलटून पाहिलं, परत सुलटं केलं.

"हे तर मला पाठ आहे," ती म्हणाली.

"कुणी दाखवलं? रेडिओनं?"

"दाखवलं नाही. तूच सांगत होतीस की मघापासून. मागे उभी राहून, माझ्या कानाशी. मला वाटलं, तू पाठ करून घेतेयस."

चष्मिसनं कॅमेऱ्यावरून मान वर केली.

ठिणगी तर सगळा वेळ त्याच्या शेजारी उभी होती. खोलीच्या या टोकाला.

"ती माझ्या शेजारी होती," चष्मिस म्हणाला. हळूच.

लॅम्पचा कागद तापून किंचित चरचरला. हेडफोनमध्ये खोलीची शांतता होती. त्या शांततेत काहीच नव्हतं. कुजबुज नव्हती, श्वास नव्हता. जणू जे होतं ते खोलीतून निघून गेलं होतं.

कुठे?

ठिणगी उघड्या खिडकीशी गेली. खाली मैदान. फाटकावरचा दिवा. रेडिओ फाटकाकडे चालला होता, खांदे पाडून.

त्याच्याबरोबर कुणीतरी चालत होतं.

मुलगी. वेणी अर्धवट सुटलेली. अंगात मोरपंखी स्वेटर. ठिणगीनं स्वतःच्या बाहीकडे पाहिलं. मोरपंखी.

तिनं हाक मारली. रेडिओला ऐकू गेलं नाही. तो चालत राहिला.

दुसरीनं मात्र मान वळवली. वर पाहिलं.

"मग?" गच्चीवरच्या धाकट्यानं विचारलं. काका थांबले होते.

"चेहरा कसा होता?" पुतणीनं विचारलं. तिचा मोबाइल कधीच विझला होता.

चेहऱ्याबद्दल ठिणगी कधी बोलली नाही, काका म्हणाले. ती जिन्याकडे धावली एवढंच. तोवर मंडळ, सोमवार, सीन, सगळं तिच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. एकच गोष्ट उरली होती. त्याला आपण हाकललं. आपण हाकललं म्हणून तो आत्ता तिच्याबरोबर आहे.

खाली वॉचमन स्टुलावर बसला होता. तिला पाहून उठलाच.

"तू आत्ताच बाहेर गेलीस ना? त्या पोराबरोबर? त्याची समजूत काढत होतीस..."

ती थांबली नाही. फाटक. रस्ता. रस्त्यावर कुणी नाही. एका बाजूला शाळेची भिंत. दुसऱ्या बाजूला बंद दुकानं. ती धावली. हाका मारल्या. उत्तर नाही. कोपऱ्यावर झेरॉक्सवाल्याचं दुकान होतं. त्याच्या पायरीवर...

रेडिओ बसला होता. एकटाच.

तिनं त्याचे दोन्ही खांदे धरले. तो धडधाकट होता. उलट, चक्क हसला.

"आलीस पण?" तो म्हणाला. "बाकीचे कुठायत?"

"कोण बाकीचे?"

"तूच म्हणालीस ना, इथंच बस, त्या दोघांना घेऊन येते."

ठिणगी मागे वळली. वर प्रयोगशाळेची खिडकी. निळा उजेड. आत दोघं होते. ती पुन्हा धावली. रेडिओ तिच्यामागे. फाटकाशी पोचते न पोचते तोच जिन्यावरून पावलं वाजली. चष्मिस. त्याच्यामागे हिरॉईन, कॅमेरा छातीशी धरून.

"पॅक अप म्हणालीस म्हणून आलो," चष्मिस म्हणाला. "पण लॅम्प तू बंद करणार होतीस ना?"

चौघं मैदानात उभे होते. चौघंही. वर कुणी नव्हतं.

खिडकीतला निळा उजेड विझला.

...

"मग पोलिसांना का नाही सांगितलं?" पुतणीनं विचारलं, पण तिच्या आवाजातली धार गेली होती.

काय सांगायचं, काका म्हणाले. कुणाला काही झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी पोरांनी उरलेला सीन घेतला, खिडकीवर आणखी एक चादर लावून. रेडिओ वेळेवर आला, आवाज त्यानंच धरला, रात्रभर बसून एडिटिंगही केलं. सोमवारी चित्रपट दाखवला. हेडमास्तर शेवटी खुर्चीत सरसावून बसले म्हणे. मंडळ राहिलं.

फक्त एक सल राहिली. रविवारी काम संपल्यावर ठिणगीनं रेडिओला गाठलं आणि माफी मागायला तोंड उघडलं. त्यानं हातानंच थांबवलं. म्हणाला, झालं की काल. रस्त्यावर इतकं मनापासून बोललीस, आता आणखी काय? तिनं विचारलं, मी काय काय बोलले? तो नुसता हसला. म्हणाला, तूच म्हणालीस, हे आपल्या दोघांतच राहू दे. आजही त्यांची मैत्री आहे. पण त्यानं माफ केलं ते त्या दुसरीला. हिची माफी तशीच राहून गेली, घशात.

"आणि ती दुसरी? परत दिसली?"

नाही.

काकांनी घसा साफ केला. खालच्या रस्त्यावरून एक सायकल गेली.

त्या रात्री झेरॉक्सच्या दुकानापाशी ठिणगीनं रेडिओचे खांदे धरले, तेव्हा तिच्या हाताला लोकर लागली होती, ते म्हणाले. गडबडीत लक्षात आलं नाही. घरी जाताना दिव्याखाली दिसलं. रेडिओच्या अंगात मोरपंखी स्वेटर होता. गारठा होता म्हणून तूच दिलास ना, असं म्हणून त्यानं तो काढून तिला परत केला. तिचा तिच्या अंगात होता.

स्वेटर तिच्या आत्यानं विणलेला होता. आत्यानं दोन्ही मांडीवर घेऊन पाहिले. डाव्या बाहीत तिचा एक टाका सुटला होता, तो दोन्हींत सुटलेला. मी एकच विणला, आत्या म्हणाली. पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिली.

"मी हातात घेऊन पाहिलेत दोन्ही," काका म्हणाले.

"मग त्यात काय," पुतणी म्हणाली. "जाळून टाकायचा."

काकांनी मान हलवली. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. ठिणगी उंच झाली, नोकरीला लागली. तिचा स्वतःचा स्वेटर दहावीतच आखूड झाला, आत्यानं तो उसवला. दुसरा कपाटात आहे. ती घालत नाही. पण दर हिवाळ्यात एकदा काढते आणि आरशासमोर अंगाला लावून बघते.

"आणि?"

काका उठले. खुर्ची घडी करून भिंतीला लावली.

"बाही बरोबर मनगटाला येते."