दादांच्या थैलीतलं टपाल

दुपारचा चहा झाला, तसा धाकटा दीर वहिनींच्या मागोमाग माडीवरच्या खोलीत चढला. भाडेकरू ठरला होता, खोली रिकामी हवी होती. अडचण एकच: कोपऱ्यात घरघरणारं दादांचं यंत्र. दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, जाऊन वर्ष होत आलं होतं. यंत्राला मात्र कुणी कळवलं नव्हतं.

ते यंत्र म्हणजे हौशी मंडळींचं टपालघर. दूरदूरच्या घरांतले संगणक आपली पत्रं इथे आणून टाकत. यंत्र ती ज्याच्या त्याच्या थैलीत सांभाळी आणि धनी विचारायला आला की हवाली करी. पूर्वी हा कारभार फोनच्या तारेवर चाले, आता इंटरनेटवर. क्षणात पोचणारं पत्र सावकाश पोचवण्यासाठी इतका खटाटोप करणारी माणसं जगात थोडी. पण होती, आणि त्यांचा एक दंडक होता. कुणी गेलं तरी त्याची थैली बंद करायची नाही. त्यामुळे दादांना अजून पत्रं येत. कुणाचा गुडघा, कुणाची सून.

"मेलेल्या माणसाला पत्रं, वहिनी? लोक हसतील."

"हसू देत, भाऊजी. ते बिचारे उत्तरसुद्धा मागत नाहीत. तुम्ही तर खोली मागताय."

दीर चिडला. त्याने भिंतीतली इंटरनेटची वायर उपटली. "झालं! मिटलं एकदाचं."

मग तापलेल्या धुळीचा वास आला. फळीवर दादांचा जुना, फोनच्या जमान्यातला मोडेम पडून होता; त्याला ना तार, ना वीज. त्याचा दिवा लागला. आधी बारीक शीळ आली, मग ती जुनी किरकिर, पत्र्यावर नखं ओढल्यासारखी.

"वहिनी... हे कोण..."

"थांबा."

पडद्यावर ओळ उमटली. दादांचा पत्ता. परवलीचा शब्द बरोबर. थैली भराभर रिकामी झाली आणि तिकडून एकच पत्र आलं: 'यंत्र बंद कर. खोली देऊन टाक.'

दिराची बोबडी वळली होती, पण तेवढ्यातही त्याला आपली बाजू सापडली. "बघा... दादापण तेच..."

वहिनींनी खुर्ची पुढे ओढली आणि उत्तर लिहिलं: 'जन्मभर मी बंद करा म्हणत होते, तेव्हा ऐकलंत? आता मी ऐकणार नाही.' आणि धाडून दिलं.

किरकिर कापल्यासारखी थांबली. वहिनींनी वायर परत खोचली.

"भाडेकरूला कळवा, भाऊजी. खोलीत वस्ती आहे."

दीर जिना उतरला की गडगडला, हे सांगणं कठीण.

वहिनींनी ते पत्र पुन्हा उघडलं. पत्र ज्या ज्या घरातून पुढे सरकतं, त्या घराचा पत्ता त्याच्या तळाशी एकाखाली एक उमटतो; सगळ्यात वरचा लिहिणाऱ्याचा. दादांचा पत्ता होता, पण अगदी शेवटी. त्याच्या आधी दुसरेच होते, कुठल्याही यादीत नसलेले. म्हणजे लिहिणारा भलताच. दादांनी ते नुसतं पुढे सरकवलं होतं.

"असं होय?" वहिनी पडद्याला म्हणाल्या. "मग तर मुळीच बंद करायचं नाही."

लिहिणाऱ्याचा पत्ता शोधत त्या वर वर सरकत गेल्या. बाहेर दिवे लागले, खालून जेवायची हाक आली. पत्ते संपत नव्हते.