कप्तान दारात उभा आहे

त्या संध्याकाळी मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला गेले होते. एवढंच काम. दिवेलागणीची वेळ, वारा पडलेला, दोरीवरचे कपडे जिथल्या तिथे लोंबकळत होते. एकेक काढून खांद्यावर टाकत होते. नवऱ्याचा निळा शर्ट काढला आणि नाकात वास शिरला. खारट. ओल्या दोरखंडाचा, शेवाळाचा. आमच्या गावातून समुद्र बघायचा तर रात्रभर गाडीत बसावं लागतं. मी शर्ट पुन्हा हुंगला. साबणाचा वास औषधालाही नव्हता.

घाबरायला हवं होतं. पण मनात आलं ते एवढंच की, आला एकदाचा.

कोण ते सांगते, पण त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

लग्नाआधीपासून मी गोष्टी लिहिते. गोष्टी माझ्या, माणसं मात्र टीव्हीवरच्या एका मालिकेतली. त्या मालिकेत एका जहाजाचा कप्तान होता, डाव्या भुवईत पांढरी चीर असलेला. शेवटच्या भागात तो वादळात सापडला आणि मालिकावाल्यांनी त्याला परत आणलाच नाही. बायको बिचारी वरच्या मजल्यावरच्या खोलीत वाट बघत राहिली आणि मालिका संपली. आम्हा कितीतरी जणींना ते सहन झालं नाही. एका साइटवर आम्ही त्याला आपापल्या परीने घरी आणत होतो. कोणी बोटीने, कोणी आगगाडीने. माझा कप्तान सावकाश येत होता, प्रकरणाप्रकरणाने.

सासरी मी यातलं अवाक्षर बोलले नव्हते. नवरा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड चौकट ठेवायची, भिंग बदलायचं आणि विचारायचं, "हे बरं, की आधीचं?" दिवसभर हेच. घरी सासूबाई, तो आणि मी. बरं चाललं होतं. मग एका सुट्टीच्या दिवशी त्याचे मित्र जेवायला आले, माझा फोन टेबलावर राहिला, आणि मी स्वयंपाकघरातून ताटं घेऊन येते तो काय, नवरा उभा राहून मोठ्याने वाचतोय.

"'तुझ्या डोळ्यांत मला किनारा दिसतो,' कप्तान म्हणाला." त्याने फोन खाली केला. "अरे, मी रोज डोळ्यांत बघतो. मला आजवर मोतीबिंदूच दिसलाय."

हशा पिकला.

"असा पुरुष असतो का कुठे? खरा कसा येईल, ऐका." त्याने आवाज जाड केला. "'आलो गं. चहा टाक.' बोला मंडळी, हे बरं, की आधीचं?"

"हेच, हेच," मंडळी म्हणाली. सासूबाई हसून हसून चष्मा पुसत होत्या. मीही हसले. नव्या सुनेला हसावंच लागतं. ताटं मात्र मी इतकी अलगद ठेवली की एकाचाही आवाज झाला नाही.

माझ्या नवऱ्याला माफी मागता येत नाही. चुकलं की तो खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी आणतो, टेबलावर ठेवतो आणि खिडकीबाहेर बघत उभा राहतो. लग्नानंतर दोनदा आली होती पुडी. त्या दिवशी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

साइटवर एक जुनी वाचक होती, 'दीपगृह' नावाने लिहायची. त्याच आठवड्यात तिने माझ्या गोष्टीखाली लिहिलं, "तुमचा कप्तान पुतळ्यासारखा उभा आहे. बोलतो छान, पण त्याच्या अंगाला घाम येत नाही. घरातला एखादा पुरुष नीट बघा आणि त्याचं जे आहे ते उचला. एका वेळी एकच. आणि बाई गं, गोष्ट अर्धी सोडू नकोस."

मी नवऱ्याकडे बघायला लागले.

जिना चढताना तो शेवटच्या वळणावर खाकरायचा. मी ते कप्तानाला दिलं. प्रकरण साइटवर टाकलं आणि झोपले. दुसऱ्या संध्याकाळी दार उघडलं तर नवरा समोर उभा.

"मेल्या, खाकरायचं तरी," सासूबाई दचकून म्हणाल्या. "चोरासारखा काय येतोस?"

"मी कुठे खाकरतो?" तो म्हणाला. त्याला खरंच आठवत नव्हतं.

योगायोग असेल म्हणून मी आणखी एक उचललं. किल्ल्यांचा जुडगा मांडीवर आपटायची सवय. तीही गेली. मग चहा निवला तरी फुंकर मारणं. खोटं बोलताना कानाची पाळी चोळणं. कडी लावली की ती दोनदा हलवून बघणं. दारावर बोटाच्या पेराने टकटक करणं. तिकडे कप्तानाच्या अंगात रक्त खेळायला लागलं. वाचक वेडे झाले. "अगदी खरा वाटतो हो. ओळखीचाच वाटतो," लोक लिहायचे. इकडे नवरा टेबलाशी बसून कपाकडे बघत राहायचा, आता याचं काय करायचं असतं, अशा नजरेने.

वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मोतीबिंदू आठवायचा, आणि मी पुढचं वाक्य लिहायची.

एकदा तो दुकानातून लवकर परत आला.

"मालकांनी मला विचारलं, कोण पाहिजे म्हणून," तो म्हणाला.

"चेष्टा केली असेल."

"नाही गं… त्यांनी मला खुर्चीत बसवलं. म्हणाले, कधीपासून कमी दिसतंय?"

त्या रात्री मला थोडी दया आली. थोडीच. मी ठरवलं की इथे थांबायचं. त्याने एकदा माफी मागावी, मग एकेक वस्तू घासूनपुसून परत करेन. कप्तान तोवर बायकोच्या दारापर्यंत पोचला होता. जिन्यात खाकरला होता, त्याने टकटक करायला हात उचलला होता. तिथेच प्रकरण संपलेलं. मी फोन बंद करून कपाटात ठेवला आणि पुडीची वाट बघत बसले.

पुडी येईना. दिवस गेले. नवरा खिडकीशी बसून राहायचा, पण बाहेर बघायचा नाही, काचेकडे बघायचा. मग एका दुपारी भांडी लावता लावता माझे हात थांबले. बंदरावरचं प्रकरण. कप्तान बायकोसाठी शेंगदाण्यांची पुडी घेतो, ते मीच लिहिलं होतं. माफी मागायची नवऱ्याची तऱ्हा मी केव्हाच देऊन बसले होते. जी माझ्याकडे होती, तिची मी त्याच्याकडे वाट बघत होते.

म्हणून त्या संध्याकाळी शर्टाला समुद्राचा वास आला तेव्हा मला नवल वाटलं नाही. अर्ध्यात सोडलेला माणूस जाईल कुठे.

कपडे घेऊन खाली आले. जिन्यातला दिवा गेला होता. घरात सासूबाई स्वयंपाकघरात, नवरा टेबलाशी कप घेऊन. मी कपड्यांच्या घड्या घालायला बसले. बाहेर काळोख दाटत होता आणि तो खारट वास आता शर्टाचा राहिला नव्हता, दाराच्या फटीतून आत येत होता.

जिन्याच्या शेवटच्या वळणावर कोणीतरी खाकरलं.

"आला बघ," सासूबाई आतून म्हणाल्या. "चहा ठेवते."

"आई… ते इथेच बसलेत."

"कुठे?"

मी नवऱ्याकडे बोट दाखवलं. सासूबाई दारात आल्या, काडी मोडलेला चष्मा हाताने धरून बघत राहिल्या. खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

किल्ल्या मांडीवर आपटल्याचा आवाज. मग पेराने टकटक.

"मी बघतो," नवरा म्हणाला आणि कपबशी हातात घेऊनच उठला. मी त्याला थांबवू शकले असते. हातात त्याचाच शर्ट होता, त्याची बाही मी नीट दुमडत राहिले. दार उघडलं. बाहेर काळोख होता, आणि काळोखात पाणी गळत होतं, थेंब थेंब. नवऱ्याने एक पाऊल बाहेर टाकलं.

आत आला तो एकच. दार लावलं, कडी दोनदा हलवून बघितली. अंगावर नवऱ्याचेच कपडे, चेहरा नवऱ्याचाच. हातात कप नव्हता. ओली पुडी होती. ती त्याने टेबलावर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

किती दिवस वाट बघितली होती मी त्या पुडीची.

"आई, चष्मा दे," तो म्हणाला. "काडी नीट करतो."

"आज कसं सुचलं रे तुला?" सासूबाईंचा आवाज कापत होता. भीतीने की आनंदाने, कळायला मार्ग नव्हता. "कधीची मागे लागलेय." त्यांनी चष्मा काढून त्याच्या हातावर ठेवला. आता त्यांना दिसत नव्हतं. मला वाटतं, त्यांनी तो त्यासाठीच काढला.

तो दिव्याखाली वाकला. डाव्या भुवईत पांढरी चीर होती.

मी दाराशी गेले. खालच्या फटीतून बाहेर पडणाऱ्या उजेडात दोन पावलांची टोकं दिसत होती. पलीकडे कप बशीत किणकिणत होता, अगदी हलका. टकटक होणार नव्हती. ती कशी करायची हे त्याच्याकडे उरलंच नव्हतं. हाक मारणं तरी त्याच्याकडे उरलं असेल, या विचाराने मी कान लावला. नुसता श्वास येत होता. कडीवर हात ठेवला. उघडायला एक क्षण लागला असता.

मग मला ते टेबल आठवलं, ती ताटं, तो हशा. म्हटलं, राहू दे उभा. मीही राहिलेच की.

मी कडीवरून हात काढला. तेवढ्यात, अगदी मवाळ आवाजात, कानाशी शब्द आले.

"हे बरं, की आधीचं?"

ते वाक्य मी कप्तानाला कधीच दिलं नव्हतं.

मी वळून बघितलं. तो दिव्याखाली वाकून काडीचा स्क्रू पिळत होता, ओठ मिटलेले. दाराबाहेर किणकिण थांबली होती. दोघेही उत्तराची वाट बघत होते.