देठाकडची चकती

सूपची वाटी एकाच म्हातारीने संपवली होती, आणि पहाटे दवाखान्यात तिचा जीव गेला.

अन्न निरीक्षकबाई हॉटेलात पोचल्या तेव्हा दारातल्या फळ्यावरची खडूची अक्षरं तशीच होती. ‘आज दादांच्या मळ्यातलं : दुधीचं गार सूप.’ हॉटेलचं नाव झालं ते या फळ्यामुळेच. आसपास पिकेल तेच ताटात यायचं, आणि कुणाच्या मळ्यातलं तेही लिहिलेलं असायचं. लोक लांबून गाड्या घेऊन येत.

प्रयोगशाळेचा अहवाल सरळ होता. कुणी काही मिसळलं नव्हतं. दुधीच कडूजहर होता. एखादा तसा निघतो. बाहेरून कळत नाही. कच्चा वाटून थकल्या शरीरात गेला तर जीवावर बेततं.

प्रकरण मिटल्यातच जमा होतं. हॉटेलचा मालक स्वतःच आचारी. त्याचा जबाब असा, की मी चाखला तो दुधी गोड होता; कडू नग दादाने मागाहून टोपलीत टाकला असणार. दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. दादाने खाली मान घालून ते कबूलही केलं होतं. आता त्याच्यावर गुन्हा दाखल व्हायचा. बाईंची सही तेवढी बाकी होती.

ती होत नव्हती. कचेरीतले म्हणत, बाई उगीच घोळ घालत बसतात. बाईंनाही मनातून तसंच वाटायचं. तरी त्या आल्या.

स्वयंपाकघरात आचारी पाठमोरा कांदा चिरत होता. शेगडीवर दूध करपत होतं. वास पार दारापर्यंत आला होता. त्याची बायको धावत येऊन गॅस बंद करत म्हणाली, “अहो, लक्ष कुठंय तुमचं?”

“मॅडमशी बोलत होतो ना.”

बाई अजून एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

“दुधी चाखता कसा?” त्यांनी विचारलं.

“देठाकडची चकती कापायची, जिभेला लावायची. दादानंच शिकवलंय.”

“त्या दिवशी इथं कोण होतं?”

“मी एकटाच. ही माहेरी.”

बायको करपलेलं पातेलं घासायला लागली. जरा जास्तच जोरात.

“आजींच्या शेजारच्या टेबलानं सूप परत पाठवलं म्हणे.”

“पाठवलं. लाडावलेली जीभ, दुसरं काय. मी बाहेर जाऊन सगळ्यांना समजावलं, गावरान दुधी किंचित कडवट असतोच. त्या आजींचा मुलगा म्हणाला, आई, अस्सल आहे, सोडू नकोस. वाढदिवस होता त्यांचा.”

“परत आलेलं सूप तुम्ही चाखलंत?”

“चाखल्याशिवाय बोलेन का? किंचितच होता कडवटपणा.”

बाई उठल्या आणि मागच्या दाराने मळ्यात गेल्या.

मळा कुंपणापलीकडेच होता. दादा बांधावर बसला होता. दुधीचा वेल मुळापासून कापून मांडवावर वाळत पडला होता.

“वेल का कापलात?”

“त्यानं माणूस मारलं, मॅडम.”

“तो नग तुम्ही टोपलीत टाकलात?”

“हो. चाखायचं राहून गेलं माझ्याकडून.”

“एरवी चाखून देता?”

“देतो की.”

“मग कापलेला दुधी विकत कोण घेतं?”

दादा हातातली काडी मोडून म्हणाला, “तुम्ही सही करून टाका. माझं आता काय राहिलंय. त्याचं हॉटेल आहे, संसार आहे.”

संध्याकाळी बाईंनी तिघांनाही स्वयंपाकघरात बसवलं. बशीत काकडीच्या चकत्या होत्या.

“एक चाखून सांगा,” त्या आचाऱ्याला म्हणाल्या.

त्याने बायकोकडे पाहिलं. चकती तोंडात टाकली आणि सावकाश चावली. “गोड आहे. कोवळी.”

बाईंनी दुसरी चकती बायकोपुढे केली. तिने जिभेला लावली मात्र, तोंड वेडंवाकडं करून मोरीकडे धावली.

“चकत्यांवर कडू औषधाच्या गोळ्यांची पूड आहे,” बाई म्हणाल्या. “तुमची चव गेलीय, आणि वासही. मघाशी पाठीमागे दूध करपत होतं, तुम्हाला पत्ता नव्हता. कधीपासून?”

उत्तर बायकोने दिलं. “थंडीत तापानं पडले होते तेव्हापासून. रोज मीच चाखते. मी भांडून माहेरी गेले नसते तर...”

“म्हणून त्या दिवशी चाखायला कुणीच नव्हतं. परत आलेलं सूपही तुम्ही चाखलंत, पण कळलं नाही. शेजारच्या टेबलावर एकेक चमचा घेणाऱ्यांना रात्रभर उलट्या झाल्या, आणि तुम्ही म्हणता किंचित. दादा एरवी नग चाखून देतात हे तर कुणालाच पटणार नाही. अख्खा दुधी न कापता मळ्यात चाखता येत नाही. त्यांना हो म्हणायला सांगितलं कुणी?”

आचाऱ्याने खांद्यावरचं फडकं काढून ओट्यावर ठेवलं. “लोक माझ्या जिभेसाठी येतात, मॅडम. जीभच गेली म्हटल्यावर फळ्यावर काय लिहू?”

“चव जाणं हा गुन्हा नाही. पण त्या टेबलापाशी उभं राहून ‘असाच असतो’ म्हणालात. तुमच्या शब्दावर त्या आजींनी वाटी रिकामी केली. माझा अहवाल तुमच्याविरुद्ध जाईल.”

“दादा,” तो वळून म्हणाला, “तू तरी सांग ना यांना.”

दादा आजवर त्याच्या प्रत्येक हाकेला ओ देत आला होता. आता त्याने बशीतली एक चकती उचलली, जिभेला लावली आणि परत ठेवली.

“मला हाक मारायचीस,” तो म्हणाला. “चाखायला आलो असतो. रिकामाच होतो मी दुपारी.”