झोळीची दोरी

खरं सांगते, यात पदरचं काही घातलेलं न्हाई. ज्याला पटायचं त्याला पटंल.

भुताखेताचं म्हटलं की लोक अमावस्या धरतात, मध्यरात्र धरतात. हे झालं भर दुपारी. कमलनगरला, माझ्या स्वतःच्या घरात, गेल्या संक्रांतीच्या मागंपुढं. ऊन असं कडक की अंगणात मी पापड वाळत घातले होते.

माझी लेक प्रतीक्षा पहिल्या बाळंतपणाला आली होती. मुलगी झाली. नाकाडोळ्यानं माझ्या वळणावर गेलेली. हसू नका, सगळेच म्हणाले.

आमच्याकडं बाळाला कोऱ्या कापडात झोपवत न्हाईत. एखाद्या लेकुरवाळीची वापरून मऊ झालेली साडी आणायची आन तिची झोळी बांधायची. माझी नणंद नागरत्ना चिटगुप्प्याहून अशी एक साडी घेऊन आली. जांभळी, सुती. हातात धरली तर लोण्यासारखी.

झोळीला दोरी असते. बाळंतीण खाली चटईवर आडवी पडून दोरीचा फास पायाच्या अंगठ्यात अडकवते. पाय हलवला की झोळी हलते. बाळालाही झोप, आईलाही डुलकी.

झोळी बांधली... आन बाळानं दिवसाची रात्र केली.

दिवस उगवला की झोप. तळपाय चोळा, कान ओढा, ओला हात फिरवा... डोळा उघडायची न्हाई. दूध न्हाई, रडणं न्हाई.

दिवे लागले की टक्क जागी.

रडायची न्हाई हो. धड प्यायचीसुद्धा न्हाई. नुसती दाराकडं बघत राहायची.

दवाखान्यातली नर्सबाई म्हणाली, "आजी, नव्या बाळाला कुठं कळतंय दिवस कोणता आन रात्र कोणती? शिकवावं लागतं. दिवसा खिडक्या उघड्या ठेवा, बोला, भांडी वाजू द्या. रात्री दिवा बारीक करा, गप्प राहून पाजा. आन दिवसा उठवून पाजायचंच. वजन असंच उतरत गेलं तर बिदरला दाखल करावं लागंल."



केलं सगळं. पडदे काढले. झोळीच्या बाजूला मिक्सर लावला. ह्यांना म्हटलं, "टीव्ही मोठा करा की! एरवी तर ऐकू येत न्हाई म्हणून ओरडता!"

बाळ झोपलेलंच.

प्रतीक्षा सुकून गेली. एक दिवस म्हणाली, "आई, दिवसभर ही दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी झोपायलीय." मी तिला रागावले. रागवायला नको होतं.

त्या दुपारी ती न्हाणीत होती. मी बाळाला उठवायला खोलीत गेले.

झोळी हलत होती...

वाटलं, वारा असंल. पण पंखा बंद. अंगणात पापडावर टाकलेलं पातळ कापडसुद्धा हलत नव्हतं.

झोळी मात्र हळूहळू, एका लयीत.

मग दोरी दिसली.

दोरी लोंबत नव्हती... ताठ होती. तिरकी, जमिनीकडं ओढलेली. चटईच्या टोकाशी तिचा फास, उघडा, गोल. अंगठ्यात अडकवल्यासारखा.

चटईवर कुणी नव्हतं.

फास पुढं जायचा. मागं यायचा.

मी भांडखोर बाई. गल्लीत माझ्या तोंडाला कुणी लागत न्हाई.  त्याच तोंडानं ओरडले, "कोण हाय गं तिथं? ऊठ! लेकरू उपाशी मारायलीस!"

दोरी थांबली.

मग सैल पडली... अगदी अलगद. बाळाची झोप मोडू नये म्हणून आई पाय काढून घेते ना, तशी.

आन बाळ रडलं! दिवसाउजेडी पहिल्यांदा. प्रतीक्षा ओल्या केसांनी धावत आली, पदराखाली घेतलं. बाळ घटाघट प्यायलं. मी तिथंच बसून रडले.

झोळी सोडली. नागरत्नाला फोन लावला.

"साडी कुणाची गं?"

"का, काय झालं वैनी?"

"कुणाची, सांग की बाई!"

"वैनी... मंगलची."

मंगल म्हणजे तिची धाकटी जाऊ. जाऊन बरीच वर्षं झाली.

"मेलेल्या बाईचं कापड बाळंतिणीच्या घरात? अक्कल गहाण टाकलीस काय?"

"मऊ व्हतं म्हणून आणलं, वैनी. तिची चैत्रा ह्याच झोळीत झोपली. मंगल हुमनाबादला कंपनीत रातपाळीला जायची. सकाळी आली की लेकराला झोळीत घालायची, दोरी अंगठ्यात अडकवून खाली पडायची. दिवसभर दोघी झोपायच्या. दिवे लागले की ती कामाला निघायची, आन चैत्रा रातभर दाराकडं बघत राहायची."

नागरत्नाचा आवाज बारीक झाला. "एक दिवस सकाळी आलीच न्हाई. हायवेला लॉरीनं..."

मी माझ्याच जुन्या साडीची झोळी बांधली. हळूहळू बाळाला दिवस कळायला लागला. वजन चढलं. बिदरला जावं लागलं न्हाई. प्रतीक्षा हसत सासरी गेली.

मंगलची साडी धुऊन चिटगुप्प्याला पाठवली. जाळून टाक म्हणून निक्षून सांगितलं होतं. पण चैत्रा आता तिसरीत हाय, काकूजवळ, म्हणजे नागरत्नाजवळच वाढायलीय. तिनं आईची साडी म्हणून पांघरायला मागून घेतली. नागरत्नाला न्हाई म्हणवलं न्हाई.

परवा तिचा फोन आला. चैत्राच्या शाळेतून बोलावणं आलंय. पोरगी वर्गात झोपते... हलवून उठत न्हाई. रात्री उंबऱ्याशी जागी बसते. जेवण सुटलंय.

"मी इचारलं, कामून गं असं करायलीस?"

"मग?"

"म्हणती, दिवसा आई यायलीय."

मी काही म्हणायच्या आत तीच पुढं म्हणाली,

"वैनी, काढून घेऊ काय साडी? तुम्ही सांगाल तसं करते."

माझ्या नातीच्या वेळी मी घडीभर थांबले नव्हते. चैत्राला आई म्हणून तेवढीच हाय... आन पोर तर वाळत चाललीय.

उद्या सांगते म्हणाले.

तेव्हापासून रोज दुपारी नागरत्नाचा फोन वाजतो. मी उचलत न्हाई.