खुर्चीत निघालेलं मांजर

"आधी शिंका आवरा, मग जिना चढा. पडाल हो!"

कठड्याला धरून मी शिंकत होते आणि पिशवीतले बटाटे पायऱ्यांवरून घरंगळत निघाले होते. वळून बघते तर एक उंच तरुण. खांद्याला काळी पेटी, दोन्ही हातांत माझेच बटाटे.

"तुम्ही कोण?"

"वरच्या घरातली हवा तपासायला आलोय. घरमालकीणबाईंनी बोलावलंय. तिथल्या भाडेकरूला म्हणे सारख्या शिंका येतात." त्यानं माझ्या लाल नाकाकडे पाहिलं. "...तुम्हीच वाटतं?"

मीच. आईशी भांडून, 'एकटी राहून दाखवते' म्हणून हे दोन खोल्यांचं घर घेतलं आणि आल्या दिवसापासून नाक वाहतंय. आईचं रोज फोनवर एकच, "बस झालं, परत ये." कारण सापडलं नसतं तर मला नाक मुठीत धरूनच परत जावं लागलं असतं.

हवावाल्यानं खिडक्या लावल्या, यंत्र खोलीच्या मधोमध ठेवलं आणि म्हणाला, "आता तासभर फार हालचाल नको." स्वतः मात्र शिक्षा झाल्यासारखा उभाच.

"बसा ना," मी निळ्या गादीची खुर्ची पुढे केली. त्यानं खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं... आणि बसला.

"हे यंत्र शोधतं काय?"

"डोळ्यांना दिसत नाही ते. धूळ, बुरशी, परागकण..."

"आणि माणसाच्या मनातलं?"

"त्याचं यंत्र वेगळं असतं," तो हसू दाबत म्हणाला. "आज आणलं नाही."

मला बाई प्रश्नच फार पडतात. धूळ उन्हातच का दिसते, बुरशीला वास का येतो, मी विचारत गेले आणि तो न कंटाळता सांगत गेला. कपाटामागे भिंतीला ओल निघाली, तिच्यावर काळी बुरशी. मालकीणकाकूंनी कुरकुरत का होईना, भिंत दुरुस्त करून घेतली. त्या काळात तो कधी ओल मोजायला आला, कधी भिंत वाळली का बघायला. दरवेळी त्याच खुर्चीत बसला. माझ्या शिंका थांबल्या, पण जिन्यात पावलं वाजली की छाती उगीचच धडधडायला लागली.

शेवटी त्यानं पलंगावरच्या गादीची आणि खुर्चीवरची धूळ छोट्या नळीत ओढून घेतली आणि प्रयोगशाळेत पाठवली.

रिपोर्ट हातात घेऊन काकू तरातरा वर आल्या.

"बुरशी गेली. पण तुझ्या खुर्चीत मांजर निघालंय!"

"मांजर?"

"मांजराच्या अंगावरचे कण! भाडेकरारात लिहिलंय ना, प्राणी पाळायचा नाही म्हणून? कुठे लपवलंयस?" त्यांनी वाकून पलंगाखालीही पाहिलं.

"काकू, शपथ सांगते..."

"रिपोर्ट काय खोटं बोलतो? महिनाअखेरीला घर रिकामं कर."

मी हवावाल्याला फोन केला. रागानं बोलायचं ठरवलं होतं, पण रडूच आलं. काकू मांजर शोधतच होत्या, तेवढ्यात तो धावत आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला.

"काकू... ते मांजर माझं आहे."

काकू आ वासून बघत राहिल्या.

"आमच्या घरी आहे. सकाळी माझ्या कपड्यांवर लोळल्याशिवाय मला सोडत नाही. आमच्या कामात पहिला नियम, नमुना घेईपर्यंत गिऱ्हाइकाच्या घरात कुठे टेकायचं नाही. मी टेकलो. दरवेळी टेकलो. या खुर्चीतला नमुना माझ्यामुळे बिघडलाय, तसं ऑफिसात लिहून देतो. यांना घराबाहेर काढू नका."

"अरे, पण नियम माहीत असताना बसलास कशाला?"

त्याचे कान लाल झाले. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि रिपोर्टची घडी घालत म्हणाल्या, "राहा गं इथेच. माझं मेलीचं डोकं उशिरा चालतं." आणि खाली निघून गेल्या.

घर वाचलं होतं. मला नाचावंसं वाटत होतं, पण तो अजून दारातच उभा होता.

"ओल मोजायला एकदा येऊन भागलं असतं ना?" मी विचारलं.

"हो."

"आणि भिंत वाळली का, हे काकूंनीसुद्धा फोनवर सांगितलं असतं?"

"...हो." त्यानं मान खाली घातली. "आता पुन्हा नमुना घ्यावा लागेल. पण मला नाही पाठवणार, दुसरं कुणीतरी येईल."

हा माणूस मला आवडतो, अगदी मनापासून आवडतो, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं.

तो जायला वळला आणि पुन्हा थांबला.

"एक विचारू? कामाचं नाही... मांजराचा तुम्हाला त्रास होतो का? म्हणजे... कायमचं एका घरात असलं तर?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "तुमच्या घरी येऊनच बघावं लागेल."

"घरी आई असते," तो गडबडला.

"म्हणूनच तर विचारतेय," मी म्हणाले. "कधी येऊ?"